कपडेपटातले उंच बूट

टाचणीबाईंना हे नाव कोणी ठेवलं याबद्दल नाट्यगृहात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, ओठांत सदा टाचण्या धरून बोलतात म्हणून. दुसरा म्हणतो, टाचण्या काढून ठेवल्या तरी बोलणं टोचायचं थांबत नाही म्हणून. बाई दोन्ही तटांचं शांतपणे ऐकून घेतात आणि ऐकता ऐकता समोरच्याच्या शर्टाचं कुठलं बटण लोंबतंय ते बघून ठेवतात. नटमंडळी त्यांना मावशी म्हणतात. मॅनेजर टाचणीबाई म्हणतो. नवरा काहीच म्हणत नाही, नुसता घसा खाकरतो, आणि तेवढ्यावर त्यांचा संसार उत्तम चाललाय.

बाईंचं काम कपडेपटाचं. म्हणजे नाटकातल्या सगळ्यांचे कपडे धुवायचे, इस्त्री करायची, उसवलं ते शिवायचं आणि खेळ चालू असताना ज्याचं त्याच्या अंगावर चढवायचं. ऐकायला सोपं आहे. पण सध्याच्या नाटकात दुसऱ्या अंकात एक जागा अशी आहे, की तिथे भल्याभल्यांना घाम फुटेल. नवरा-बायको तरुणपणी भांडतात, ती उजव्या विंगेत जाते, तो डाव्या विंगेत जातो, दिवे मंद निळे होतात, आणि दोघं परत येतात ती म्हातारी होऊन. मधे सगळं आयुष्य गेलं असं प्रेक्षकांनी समजायचं. प्रेक्षक बिचारे समजतातही. पण ते आयुष्य सरकवायला मागे टाचणीबाई एकट्या. आधी उजव्या विंगेत नायिकेला पांढऱ्या केसांचा टोप आणि शाल. ती रंगमंचावर जाऊन एकटीच चार वाक्यं बोलते. तेवढ्यात बाईंनी विंगेतल्या उंच चौथऱ्याच्या लाकडी पायऱ्या उतरायच्या, मागच्या पडद्याआडून पळत डाव्या बाजूला पोचायचं आणि नायकाला कोट, पाठीचं कुबड, चष्मा, काठी चढवून बाहेर ढकलायचं. हे सगळं अंधारात, बोटांच्या डोळ्यांनी, आणि आवाज न करता.

बाईंना या धावपळीचा भारी अभिमान. तोंडाने कधी कबूल करणार नाहीत. पण आजारपणात बदली बाई आणली होती तेव्हा तिने कुबड पोटाला बांधलं, ही गोष्ट त्यांनी अजून कोणाला विसरू दिलेली नाही.

तर झालं असं, की त्या लाकडी पायऱ्यांवर बाईंचा डावा पाय मुरगळला. पहिल्यांदा पडद्याची दोरी हाताशी आली म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा दोरी नव्हती. बाई शेवटच्या पायरीवरून थेट जमिनीवर, कोट एकीकडे, कुबड दुसरीकडे. नायक बिचारा डाव्या विंगेत कुबडाविना वाट बघत राहिला आणि शेवटी तसाच रंगमंचावर गेला. समोर पांढऱ्या केसांची, वाकलेली बायको आणि हा आपला कालच लग्न झाल्यासारखा ताठ. त्याने तिला "आता आपलं काय उरलंय" असं विचारलं आणि सगळं नाट्यगृह हसलं. रडायच्या जागी.

मॅनेजर माणूस वाईट नाही. मिशी कोरून ठेवतो, त्यामुळे वाटतो तेवढाच. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना बोलावून, अगदी आवाजात लोणी घालून सांगितलं की पाय महत्त्वाचा. रविवारचा खेळ आपण बघू. परत मुरगळला तर सोमवारपासून तुम्ही तिकीटखिडकीवर. बसून काम. गादीची खुर्ची, वर पंखा.

बाहेर आल्यावर जो तो बाईंचं अभिनंदन करायला लागला. इस्त्रीवाला म्हणाला, नशीब काढलंत. झाडूवाली म्हणाली, माझी शिफारस करा की तिथे. बाई हसल्या, आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन दार लावून कोटाची एक शिवण विनाकारण उसवून परत घातली. तिकीटखिडकीच्या भोकातून माणसाचा फक्त पंजा दिसतो. मागे काय चाललंय, कोणाचा टोप तिरका बसलाय, कोणाच्या गळ्याशी हुक सुटलाय, काही कळायचं नाही. आणि नाटक? नाटक सुरू झालं की खिडकी बंद करून घरी जायचं. बाईंना वाटलं, हे म्हणजे घरच्यांनी जिवंतपणीच फोटोला चौकट करून आणल्यासारखं झालं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने घड्याळातून डोकं वर काढलं. तो घड्याळं दुरुस्त करतो, सबंध आयुष्य खुर्चीत गेलं. म्हणाला, बसून काम काही वाईट नसतं गं. त्या संध्याकाळी त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

हाडांच्या डॉक्टरांनी घोटा उलटासुलटा वळवून निदान केलं. घोट्याची हाडं बांधून ठेवणारा बंध सैल पडलाय, पाय वाकडा पडला की घोटा साथ सोडतो. व्यायाम सांगितले, आणि म्हणाले की घोट्याच्या वरपर्यंत घट्ट धरणारं काहीतरी घाला, या चपट्या चपला आता पुरे. बाईंनी विचारलं, पट्टी बांधू का. डॉक्टर म्हणाले, बांधा, पण पळताना ती सरकेल. तेव्हा सून म्हणाली, "आई, बास्केटबॉलचे बूट घ्या. ते घोट्याच्या वरपर्यंत येतात. खेळाडू उड्या मारून वाकडेतिकडे पडतात, तरी त्यांचे पाय शाबूत असतात."

ही गोष्ट नेमकी मोठ्या नणंदेसमोर निघाली. मोठी नणंद म्हणजे घरातली वर्तमानपत्राची संध्याकाळची आवृत्ती. तिने हातातली बशी खाली ठेवली.

"अगं बाई," ती म्हणाली, "टोपलीत चेंडू टाकायला निघालीस का या वयात?"

"नाही वन्सं," टाचणीबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे यायला बरे पडतील. परत पळायलाही."

इथून पुढची हकिकत सुनेने सांगितलेली आहे, तेव्हा सासूच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे गृहीत धरा.

दुकान चकचकीत, भिंतभर बूट. बूट दाखवायला एक मुलगी, केस एका बाजूने कापलेले, पण कामात पक्की. तिने बाईंना बसवलं, दोन्ही पाय मोजले आणि सांगितलं की संध्याकाळी आलात ते बरं केलंत, पाय दिवसभरात फुगतात, तेच माप खरं. मग म्हणाली, बायकांचा आणि पुरुषांचा बूट नुसता लहानमोठा नसतो. बायकांच्या पायाची टाच अरुंद, म्हणून बायकांच्या बुटाला मागे निमुळता साचा. टाच घट्ट बसली तरच वरची कॉलर घोटा धरणार. पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी, मागे अजिबात नको.

बाईंनी हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण त्यांची स्वतःची परीक्षा चालू होती. एकेक बूट उचलून त्यांनी शिवण नखाने ओढून पाहिली. लेसची भोकं ताणून पाहिली. बुटाची जीभ बाहेर ओढून तिचं अस्तर तपासलं. एका बुटाचा तर वास घेतला आणि नाक मुरडून परत ठेवला. मग एक जोड घालून दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर, बाकीच्या गिऱ्हाइकांमधून, त्या टोकापासून या टोकापर्यंत धावल्या. मधेच गर्रकन वळल्या. बूट चुंईं करून ओरडला. "हा बोलतो," त्या म्हणाल्या, "हा नको."

असे तीन बूट बोलले म्हणून बाद झाले. चौथा गप्प राहिला. बाईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी दुकानातल्या मुलीला अगदी सहज विचारलं, "जरा दिवे घालवता का?"

मुलगी बघतच राहिली. "काकू, कशाला?"

"अंधारात लेस बांधता येते का बघायचंय. आणि बूट दिसतो का तेही."

सून म्हणते, मला त्या क्षणी समोरच्या मोज्यांच्या ढिगात शिरावंसं वाटलं. पण बाईंच्या आवाजात काहीतरी असतं, मोठमोठे नट हात वर करून उभे राहतात, ती मुलगी काय करणार. तिने त्या कोपऱ्यापुरते दिवे घालवले. आणि अंधारात बायकांचे ते गप्प बूट, पांढरे, लाल काठाचे, दोन बदकं बसल्यासारखे लख्ख दिसायला लागले.

बाईंचा चेहरा पडला. पडद्यामागे पांढरं चालत नाही. तिथे सगळं काळं, माणसांचे कपडे काळे, जिन्याचे कठडे काळे, मॅनेजरचा चहाचा पेलासुद्धा काळा. काळ्यात आहेत का, विचारलं. होते, पण पुरुषांचे. बायकांच्या मापात काळा रंग आलाच नव्हता. मुलीने परोपरीने सांगितलं की पुरुषांचा छोटा नंबर घेतलात तरी मागे टाच हलणार. सुनेने सांगितलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकानेही, कोणी विचारलं नसताना, सांगितलं. पण आयुष्यभर ज्यांनी न दिसण्याचंच काम केलं, त्यांनी बूटही न दिसणारेच निवडले. पायाला काय हवं ते पायाला विचारलंच नाही.

काळे बूट तालमीत घातले. इस्त्रीवाल्याने शिट्टी वाजवली. नायिका म्हणाली, मावशी, तुम्ही आता सीमेवर जाणार की काय. बाईंनी मान वर करून पहिली चक्कर मारली आणि दुसऱ्याच पायरीवर कळलं की पाय बुटात बसलेला नाही, राहायला आलाय. टाच वर-खाली. लेस आवळावी तर बोटांना मुंग्या, सैल सोडावी तर घोटा मोकळा. बुटात कापूस कोंबला, मग चिंध्या, मग फुकट गेलेल्या एका टोपाचे केस. काही उपयोग झाला नाही. शेवटी पायरीवर पाय लचकलाच. हलकासा, कोणाला दिसला नाही, पण बाईंना दिसला. त्या तिथेच बसून राहिल्या. रविवार परवावर आला होता.

सुनेने काही न बोलता बूट खोक्यात भरले. हे तिचं मोठेपण म्हणा किंवा पुढे बोलायला शिल्लक ठेवणं म्हणा. बूट रंगमंचाबाहेर पडलेच नव्हते, तळ कोरा, तेव्हा दुकानातल्या मुलीने बदलून दिले. आतले केस मात्र तिने दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिले. मग पांढऱ्या बुटांची लेस तिने स्वतः बांधून दिली, अगदी वरच्या भोकापर्यंत, टाच मागे दाबून बसवून. बाईंनी एका पायावर उभं राहून मुद्दाम पाय बाहेरच्या बाजूला पाडून पाहिला. पडला नाही. कोणीतरी खालून घोटा हातात धरल्यासारखं वाटलं. "हं," त्या म्हणाल्या. सून म्हणते, आमच्या लग्नाला होकार देताना मलासुद्धा इतकं मोठं 'हं' मिळालं नव्हतं.

उरला प्रश्न पांढऱ्या रंगाचा. रंगभूषेवाल्याने काजळी फासायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, तू नायिकेचं नाक नीट कर आधी. मग रविवारी सकाळी जुन्या पडद्याचं काळं कापड काढून त्यांनी बुटांना खोळी शिवल्या. वरून बूट झाकलेला, खाली तळ मोकळा, मागे बांधायला नाडी. नटांना पोशाख करतात, बुटांना केला, त्यात काय.

संध्याकाळी मॅनेजर उजव्या विंगेत येऊन उभा राहिला. हाताची घडी, नजर पायऱ्यांवर. दुसरा अंक. भांडण झालं, दिवे निळे झाले. बाईंनी टोप बसवला, शाल टाकली, नायिकेला हलकेच पुढे लोटलं, कोट-कुबड काखेत मारलं आणि पायऱ्यांकडे वळल्या.

मधल्या पायरीला एक खिळा वर आला होता. त्यात डाव्या बुटाची खोळ अडकली. खोळ तिथेच राहिली, पाय पुढे गेला आणि पायरीच्या कडेवर अर्धा पडून बाहेरच्या बाजूला वळला. मॅनेजरने डोळे मिटले. त्यानेच नंतर सांगितलं. त्याला वाटलं, आता आवाज येईल.

आवाज आला नाही. घोटा कलला आणि कॉलरला टेकून तिथेच थांबला, जसा झुकलेला माणूस भिंतीला टेकतो. बाईंनी पाय सरळ केला आणि पळाल्या. पाय राहिला, आपण राहिलो, एवढंच डोक्यात. खोळ गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आता मागचा पडदा जमिनीपासून वीतभर वर असतो. एरवी त्याखालून काही दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नसतं. पण त्या दिवशी उजवा बूट काळा आणि डावा पांढरा. मंद निळ्या उजेडात नायिका एकटी उभी राहून म्हणतेय, वर्षं कशी पळाली कळलंच नाही, आणि तिच्यामागून, पडद्याच्या खालून, एक पांढरं काहीतरी उड्या मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. कोणी हसलं नाही. नायक म्हातारा होऊन वेळेवर आला. कुबड पाठीवर, जिथे असायला हवं तिथे. मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

खेळ संपला. मॅनेजर बाईंच्या समोर उभा राहिला. हातात ती काळी खोळ. म्हणाला, पाय टिकला हे मान्य. पण प्रेक्षकांना बूट दिसला. पडदा ओढणाऱ्याने पाहिला, म्हणजे समोरच्या सगळ्यांनी पाहिला. बाईंनी खाली पाहिलं आणि त्यांचा तो लख्ख पांढरा डावा पाय पाहून जीभ चावली. घोट्याने वाचवलं होतं आणि बुटाने बुडवलं. मॅनेजर म्हणाला, मी बाहेर जाऊन येतो, मग बोलू. त्याच्या स्वरात लोणी होतं. बाईंना ते लोणी ओळखीचं होतं.

बाहेर दारात एक आजोबा त्याची वाट बघत होते. हे पहिल्या रांगेतले आजोबा. निवृत्त शिक्षक, प्रत्येक नाटक बघतात आणि प्रत्येक नाटकाचा अर्थ विचारतात. मॅनेजर त्यांना बघून एरवी बाजूच्या दाराने सटकतो. आज सापडला. आजोबांनी त्याचा हात धरला. डोळे ओले. म्हणाले, ते पांढरं जे मागून गेलं, ते काय होतं?

मॅनेजरला आयुष्यात 'माहीत नाही' हे दोन शब्द एकत्र बोलता आलेले नाहीत. त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "काळ," तो म्हणाला.

आजोबांनी रुमालाने डोळे टिपले. मग म्हणाले, मला वाटलंच होतं. माझी बायको गेल्यापासून असाच जातो, एक पाय दिसतो, एक दिसत नाही. मग आजूबाजूच्या लोकांना त्यांनी ते समजावून सांगितलं. लोकांनीही, आपल्याला आधीच कळलं होतं, अशा चेहऱ्याने माना हलवल्या. आजोबा निघताना म्हणाले, पुढच्या खेळाला मी माझ्या सगळ्या जुन्या मित्रांना घेऊन येतो. त्यांना काळ बघू दे.

मॅनेजर परत आला तेव्हा टाचणीबाई कपडे टांगत होत्या, एकेक, फार सावकाश, जसे कोणी निरोपाच्या दिवशी टांगतं. त्याने घसा साफ केला. खोळ पुढे केली.

"टाचणीबाई, यापुढे खोळ एकाच पायात घालायची. उजव्या. डावा असाच राहू द्या."

बाईंना काही कळेना. त्याने दारातली सगळी हकिकत सांगितली, स्वतःचं वाक्य थोडं सुधारून. बाई ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि खिडकी?"

"काळाला खिडकीत बसवता येतं का, बाई?" मॅनेजर म्हणाला. आपणच बोललेलं वाक्य त्याला इतकं आवडलं की ते परत एकदा म्हणत तो निघून गेला. तिकीटखिडकीवर पुढे झाडूवालीची वर्णी लागली, आणि ती पंख्याखाली अशी बसते की राणीने शिकावं.

टाचणीबाई त्या लाकडी पायऱ्यांपाशी गेल्या. हातोडी मागून आणून आधी तो खिळा ठोकला. मग त्याच पायरीवर बसल्या. वरच्या भोकांतली लेस सैल केली, बूट काढला, मोजा काढला आणि घोटा चारी बाजूंनी दाबून पाहिला. सूज नाही. दुखत नाही. परत दाबला. त्यांचे खांदे, जे त्या पडल्यापासून कानांपाशी जाऊन बसले होते, ते हळूहळू आपल्या जागी उतरले. सून बोलवायला आली तर सासूबाई एका पायात बूट, एक पाय उघडा, आणि हसतायत की रडतायत ते अंधारात नीट कळेना.

"आई, चला ना घरी. बसलात काय अशा?"

"बसू दे गं जरा," टाचणीबाई म्हणाल्या. "बसून राहायला माझा विरोध कधीच नव्हता. फक्त पळून झाल्यावर."